थोरल्या विहिरीची कपार

जोतीराम कोळी पाण्याखाली बसून विडी ओढायचा. म्हणजे असं तोच सांगायचा. पण पळशेरीच्या अख्ख्या गावात त्याला 'दाखव बरं' म्हणणारा कुणी निघाला नव्हता. कृष्णेच्या डोहात एका मगरीनं त्याची पोटरी धरली, तेव्हा त्यानं तिला काखेत गुदगुल्या करून पाय सोडवून घेतला होता, आणि पुढं तीन वर्षं ती मगर त्याला बघितलं की लाजून तोंड फिरवायची. कुणी म्हणालं, "नाना, मगरीला काख असते व्हय?" तर जोतीराम त्याच्याकडं कीव आल्यासारखं बघायचा. "तू कवा जवळनं बघितलीयास?"

असल्या थापांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऐकणारा हसायचा, जोतीराम विडी पेटवायचा. पण त्याची एक थाप अशी होती, की ती थाप आहे हेच गावाला माहीत नव्हतं.

पळशेरीत विहिरी दोन. पाटलांच्या मळ्यात थोरली, जिच्यावर मोट चालायची. आणि तिथनं शंभर पावलांवर, जोंधळ्याच्या रानापलीकडं, देवळापाशी भैरोबाची. थोरलीच्या तळाशी काळ्या फत्तरात एक कपार होती. आत शिरलं तर माणूस आडवा होऊन जाईल एवढं तोंड, आणि पुढं अंधार. थोरलीत गुलाल टाकला, की दुसऱ्या दिवशी भैरोबाच्या विहिरीचं पाणी गुलाबी व्हायचं. तेव्हा आतनं वाट आहे यात कुणाला शंका नव्हती. पाणी जातं म्हणजे माणूसही जाईल, असं गाव धरून चाललं होतं, कारण पस्तीस वर्षांपूर्वी जोतीराम त्या वाटेनं गेला होता. थोरलीत बुडी मारली, आणि भैरोबाच्या विहिरीत निघाला. शंभर माणसांनी बघितलं होतं.

बघितलं होतं ते एवढंच, की तो एका विहिरीत बुडाला आणि दुसरीत सापडला. मधलं काय ते जोतीरामला ठाऊक होतं, आणि कपारीतल्या खेकड्यांना.

बारा हात आत गेल्यावर कपारीच्या छताला एक पोकळी होती. डोकं वर काढलं तर श्वास घेता येईल एवढी, रांजण उपडा घालावा तशी. जवान जोतीराम तिथवर गेला, पुढं हात घातला, आणि फट एवढी अरुंद लागली की कोपरापर्यंत हात गेला आणि खांदा अडकला. मग तो परत पोकळीत येऊन बसला. लाज वाटत होती म्हणून बसला. वर लोकांनी वाट बघितली, मग हाका मारल्या, मग रडारड केली, मग पाटलाला वर्दी द्यायला सगळे एकदमच गावाकडं गेले. विहीर सुनी झाली तसा जोतीराम बाहेर आला, जोंधळ्यातनं वाकून पळत भैरोबाच्या विहिरीकडं गेला, पायऱ्या उतरून पाण्यात शिरला, आणि तिथनं बोंब ठोकली.

दुसऱ्या दिवशी त्याला हलगी लावून मिरवला. खरं सांगायचं राहून गेलं, आणि मग पस्तीस वर्षं राहतच गेलं.

*

सेहेचाळीस सालच्या चैत्रात बनुबाई जगदाळेचा एकुलता एक कृष्णात पलटणीतनं सुटून आला. चार वर्षं लढाई बघून आलेला गडी. इटलीतल्या नद्या गळ्याइतक्या पाण्यातनं, डोक्यावर रायफल धरून ओलांडलेल्या. अंगावर कुठं ओरखडा नव्हता, त्यामुळं आपल्याला काही होत नाही असं त्याला वाटायला लागलं होतं. भैरोबाची यात्रा आठ दिवसांवर आली होती. चावडीपुढं बसून तो म्हणाला,

"नानांनी केलं ते मी करतो. यात्रेदिवशी, सगळ्यांम्होरं. थोरलीत शिरतो आन् भैरोबाच्यात निघतो."

त्याचा दोस्त गुंडा लगेच मांडीवर थाप मारून उठला. "जगदाळ्या, अरं तुझी हत्तीवरनं मिरवणूक काढतो!"

"हत्ती कुठनं आणशील रं?"

"सांगलीस्नं."

गाव हसलं, पण गोष्ट पक्की झाली. आणि पळशेरीची रीत अशी, की कुणी विहिरीच्या तळाला उतरणार असेल, मग गाळ काढायला असो की पडलेला हंडा काढायला, तर आधी कोळ्याला नारळ द्यायचा. कोळ्यानं नारळ घेतला की त्या माणसाचा जीव कोळ्याच्या पदरात पडला. तो माणसाला पारखून 'उतर' म्हणणार, किंवा 'नको' म्हणणार. आणि माणूस खाली अडकला, तर कोळी स्वतः उतरणार. नारळ घ्यायचा किंवा परत करायचा. तिसरी वाट नव्हती.

लालासाहेब पाटलांनी नारळ जोतीरामच्या हातात ठेवला. "जोतीबा, वाट तुला ठावं. हे पोरगं तिथनं जाईल का न्हाई, तूच सांगायचं. तू न्हाई म्हणलास तर न्हाई."

तेव्हाच नारळ परत करायचा होता. सांगायचं होतं, तिथं वाट नाही. पण चावडीपुढं ऐंशी माणसं त्याच्याकडं बघत होती, त्यातली निम्मी तर त्याच्या त्या मिरवणुकीनंतर जन्मलेली. जोतीरामनं नारळ काखेत मारला. मनात म्हणाला, पारख माझ्याच हातात आहे की. असं पारखतो, की पोरगं तोंडघशी पडतंय.

*

पहिल्या दिवशी दम बघितला. पळशेरीत दम मोटेवर मोजायचे. बैलं धाव उतरून भरलेली मोट वर ओढतात आणि परत मागं येतात, तेवढ्या वेळाला एक मोट. गावातला बरा पोहणारा पाऊण मोट टिकायचा. कृष्णात पाण्याखाली दीड मोट बसला. वर आला तेव्हा डोळे लाल, पण दात दिसत होते.

"नाना, तुमी किती बसायचासा?"

"तीन," जोतीराम म्हणाला. जीभच तशी वळलेली होती. आणि लगेच त्याला दिसलं, की पोरानं मान हलवून तो आकडा मनात धरला. तीन मोटेत नाना पार झाला, तर दीडमध्ये अर्ध्यापर्यंत जाऊ, उरलेलं रेटून नेऊ, असा काहीतरी विचार त्या डोक्यात चालला होता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यांवर पटका बांधून तळातला तांब्या शोधायला लावला. कृष्णातनं तो पहिल्याच बुडीत आणला.

तिसऱ्या दिवशी जोतीरामनं बाभळीची फांदी दोरीनं तळावरनं ओढून सगळा गाळ उठवला. पाणी शेणकाल्यासारखं झालं. कृष्णात तांब्यासाठी खाली गेला, आणि बासष्ट वर्षांचा जोतीराम, छातीत दमा घरघरत असताना, त्याच्यामागनं मुकाट पाण्यात सरकला. खाली जाऊन त्यानं पोराचा घोटा धरला आणि गच्च दाबला.

कृष्णातनं लाथ झाडली आणि बाणासारखा वर गेला. काठाला धापा टाकल्या, शिव्या घातल्या, हसला, परत बुडी मारली आणि तांब्या घेऊन आला. काठावर आरोळी उठली.

जोतीराम पायरीवर बसून खोकत होता. खोकला थांबला तसा म्हणाला, "न्हाई. ह्यो जायचा न्हाई."

"का वं?" गुंडा म्हणाला. "तांब्या आणला की!"

"भ्याला तवा वर आला."

"मग काय खाली जायचं व्हतं?"

"कपारीत वर न्हाई," जोतीराम म्हणाला. "वर फत्तर हाय. भ्यालेल्या माणसाचं डोस्कं वर जातं, ते कुणाला शिकवावं लागत न्हाई. हितं आभाळ हाय म्हणून वाचला. थितं कवटी फुटंल." त्यानं तीन बोटं वर केली. "दमाचं तीन वाटं करायचं. एक जायचा, एक यायचा, आन् एक भ्यायचा. ज्याला भ्यायचा वाटा ठेवता येत न्हाई, त्यानं वर आभाळ असलेल्या पाण्यातच पवावं."

कृष्णात अंग पुसत होता. "पर नाना, मला यायचा वाटा कशाला? मी पल्याड निघणार की. तुमी निघालासा तसा."

सगळे 'व्हय की' म्हणाले. पोराचं बोलणं बिनचूक होतं. पलीकडं वाट असेल, तर परतीचा दम कशाला ठेवायचा? सगळाच्या सगळा दम जाण्यात घालायचा. बारा हात, मग ती फट, आणि तिथं रेटारेटी. तिथनं परत फिरायला छातीत काही उरलेलं नसणार. पस्तीस वर्षांपूर्वी मारलेली थाप त्या पोराचा परतीचा वाटा खाऊन बसली होती.

लालासाहेब म्हणाले, "जोतीबा, पारख तू लावलीस, पोरगं खरं उतरलं. आता शब्द फिरवायचा म्हंजे..."

*

त्या दिवशी दिवे लागायच्या आत बनुबाई त्याच्या झोपडीपाशी आली. पदर डोक्यावरनं घट्ट ओढलेला. आत न येता दारातच उभी राहिली.

"जोतीदादा, एकच इचारते. तुमी गेलासा त्या वाटंनं, जित्तं आलासा. माझं पोर जाईल का?"

"बनुबाई, मी सांगितलं की. न्हाई म्हणून."

"ते म्हणत्यात तुमी जळतासा. तुमचं नाव पुसलं जाईल म्हणून." तिचा आवाज चढला नाही. "मला त्येचं काय न्हाई. जळतासा तर जळा. पर आत वाट हाय, एवढं तरी खरं हाय नव्हं? चार वर्सं मी तारवाल्याची सायकल दिसली की आत पळायची. आता ते घरात हाय. वाट हाय म्हणा, म्हंजे मी झोपंन."

जोतीरामनं चुलीत लाकूड सारलं. "उद्या बोलतो," तो म्हणाला.

बनुबाई गेली, ती न झोपायलाच गेली असणार. तोही झोपला नाही.

सकाळी तो चावडीवर गेला आणि नारळ लालासाहेबांपुढं ठेवून म्हणाला, "कपारीत वाट न्हाई. मी कवाच गेलो न्हाई."

आणि त्यानं सगळं सांगितलं. पोकळी, फट, वरची रडारड, जोंधळ्यातनं वाकून पळणं. सांगताना त्याचे कान तापले होते. मग गुंडा हसायला लागला. त्याच्यामागनं दुसरा हसला, तिसरा हसला. लालासाहेबांनी मिशीवर हात ठेवला, पण मिशीही हलत होती.

"नाना, लय भारी!" गुंडा म्हणाला. "मगरीपेक्षा ही भारी. जोंधळ्यातनं वाकून, व्हय?"

"आरं, खरं सांगतोय!"

"मगरीच्या टायमाला बी असंच म्हणाला व्हतासा."

"माझ्या बाच्यानं खरं!"

"जोतीबा," लालासाहेब समजुतीनं म्हणाले, "माझ्या वडिलांनी सोताच्या डोळ्यांनी तुला भैरोबाच्या विहिरीतनं काढला. ते खोटं सांगत व्हते व्हय? म्हातारपणी मन लहान करू नये, बाबा. नाव तुझंच राहील. पोराला एक दिवस घेऊ दे."

त्यांनी नारळ उचलून परत त्याच्या हातात दिला. कृष्णात मागं उभा होता. एकटा तोच हसला नव्हता. पण त्यानं मान दुसरीकडं फिरवली, वडीलधारं माणूस लाज सोडून वागायला लागलं की फिरवतात तशी.

*

यात्रेच्या दिवशी पालखी देवळातनं निघाली आणि ढोल थोरलीच्या काठावर येऊन थांबले. उन्हानं विहिरीचं पाणी दोन पुरुष उंचीनं खाली गेलेलं. बनुबाई काठाच्या दगडावर बसली होती. कोणी काही विचारलं तर तिला ऐकू येत नव्हतं.

कृष्णातनं लंगोट कसला. जोतीराम गर्दीतनं त्याच्याजवळ गेला, मोटेचा नाडा, तो जाड दोर, हातात घेऊन.

"हे कंबरला बांध."

"नाना, पल्याड निघताना अडकंल ते."

"कृष्णाता, ऐक." जोतीरामनं त्याचा दंड धरला. "मला खोटारडा म्हण. पर उजवा हात भिंतीला ठेव. बारा हात मोज. बाराव्याला डोस्कं वर कर, हवा हाय. ती हवा घे आन् मग काय ते ठरीव. एवढं माझ्या नरड्यावर हात ठिवून कबूल कर."

"बरं, बरं," कृष्णात म्हणाला. ढोल वाजत होते. ऐकलं की नुसतं बरं म्हणाला, ते जोतीरामला कळलं नाही. कृष्णातनं भैरोबाच्या नावानं चांगभलं म्हटलं आणि उडी टाकली.

पाणी मिटलं. क्षणभर सगळे वाकून बघत होते, मग गुंडा ओरडला, "पल्याड चला!" आणि अख्खी यात्रा, ढोल, पालखी, पोरंबाळं, जोंधळ्याच्या बांधावरनं भैरोबाच्या विहिरीकडं धावली.

काठावर जोतीराम राहिला, बनुबाई राहिली, आणि मोटेची दोन बैलं.

बैलं उभीच होती, पण जोतीरामच्या मनात ती चालत होती. खाली गेली. मागं आली. एक मोट. खाली गेली. तळातनं गाळाचा काळा ढग वर येत होता. पोरानं पाय झाडले होते. दीड मोट. पलीकडं ढोल थांबले, सगळे ऐकत असणार. मागं आली. दोन मोटा. पलीकडं कुणीच ओरडलं नाही.

जोतीरामनं धोतर सोडलं आणि नाडा स्वतःच्या कंबरेला बांधायला लागला.

"बनुबाई, बैलं हाकता येतील?"

"नांगूर धरलाय मी." ती उठून उभी राहिली. "तुमी का उतरताय? ते पल्याड निघंल नव्हं?"

"पल्याड वाट न्हाई. कवाच नव्हती. मी गेलो न्हाई, मी आत बसून राहिलो व्हतो."

चावडीतल्या ऐंशी माणसांना पटलं नव्हतं ते तिला एका दमात पटलं. तिचा हात वर झाला, मारायलाच झाला असेल, आणि तिनं तोच हात बैलाच्या कासऱ्यावर नेला.

"दोन हिसकं आलं की हाका," जोतीराम म्हणाला. "सावकाश. एक हिसका आला तर हलू नका."

"जावा," बनुबाई म्हणाली. "बोलू नगा. जावा."

*

पाणी गार होतं आणि दिसत काहीच नव्हतं. जोतीरामला कपारीचं तोंड हातानं सापडलं. उजवा तळवा भिंतीला लावला आणि आत सरकला. एक हात. दोन हात. दगड तसाच होता, एका जागी गुळगुळीत, पुढं खरबरीत. म्हातारा झाला होता तो फक्त जोतीराम. पाचव्या हाताला छातीत सुरी फिरल्यासारखं झालं. सातव्याला कान वाजायला लागले. जाण्याचा वाटा संपला होता, त्यानं यायच्या वाट्यात हात घातला. नऊ. दहा. अकराव्याला तो भ्यायला लागला, आणि डोकं आपोआप वर जाऊन छताला आपटलं. त्यानं दात आवळले आणि खाली झाला. बारा. डोकं वर केलं.

हवा. जुन्या कणगीसारख्या वासाची, जड, पण हवा. आणि त्या हवेत कुणीतरी रडत होतं.

दोन हात येऊन त्याच्या मानेला विळखा घालून बसले. जोतीराम परत पाण्याखाली गेला, नाकातोंडात पाणी शिरलं, मोठ्या मुश्किलीनं त्यानं ते हात सैल केले.

"सोड, गड्या. मी हाय. जोतीराम."

"नाना, पल्याड फट हाय," अंधारातनं कृष्णात बोलला. दात वाजत होते. "हात जातोय, डोस्कं जात न्हाई. मी लय ढकललं."

"ठावं हाय मला."

"म्हंजे तुमी खरंच..."

"हितंच. ह्याच जागी. जरा कमी रडत व्हतो एवढंच."

दोघंही धापत होते. कोण किती धापतंय ते कळत नव्हतं. हवा दोघांना पुरणारी नव्हती. जोतीरामला ते कपाळावरच्या ठोक्यांवरनं समजत होतं. त्यानं अंधारात गाठ सोडली आणि नाडा पोराच्या कंबरेला बांधायला घेतला.

"तू म्होरं. दोरीला धरून. तुझी आय बैलांपाशी हाय, दोन हिसकं दे, ती वढील."

"मी पाण्याखाली न्हाई जायचा." चार वर्षं तोफांखाली काढलेल्या गड्याचा आवाज लहान पोरासारखा झाला होता. "नाना, मला जमायचं न्हाई. परत डोस्कं घालवत न्हाई त्यात."

जोतीरामनं त्याच्या छातीवर तळवा ठेवला. काळीज पाखरासारखं फडफडत होतं. ह्या छातीत आत्ता दीड मोट नव्हती. अर्धीही नव्हती. खरं तर आत्ता कोळ्यानं पारख करायची वेळ आली होती, आणि 'नको' म्हणायची सोय राहिली नव्हती.

"किती हात हाय वं?" कृष्णातनं विचारलं.

सहा, असं जोतीरामच्या जिभेवर आलं. सहा म्हटलं तर पोर लगेच निघेल. आयुष्यभर त्यानं माणसांना जे हवं ते ऐकवलं होतं, आणि कुणीही ह्या पोराइतकं आसुसून त्याच्याकडं मागितलं नव्हतं. पण पोर सहा मोजेल. सहाव्याला तोंड सापडणार नाही. सातव्याला भ्यायला लागेल, आणि भ्यायलेल्या माणसाचं डोकं कुठं जातं ते त्याला ठाऊक होतं.

"बारा," तो म्हणाला. "एक कमी न्हाई. सहाव्याला तुला वाटंल आता मरतोय. तवा अर्धं झालं. नवव्याला परत वाटंल. तवा तीन राह्यलं. डोस्कं वर करायचं न्हाई. बारा मोजून झाल्यावर उजेड दिसंल, मग कर."

"बारा."

"परत सांग."

"बारा. सहाव्याला अर्धं."

"मोठ्यानं तीनदा दम घे. हळू. तिसरा छातीत ठेव." त्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली आणि दोरीला दोन हिसके दिले.

दोरी ताणली. पोराचे पाय त्याच्या मांडीला घासून गेले, आणि मग पोकळीत जोतीराम एकटा राहिला.

तो मोजत होता. सहा. नऊ. बारा. नंतर पाण्यातनं काही ऐकू आलं नाही. निघाला असेल. नसेलही. निघाला असेल तर आई त्याला मिठी मारून बसली असेल, आणि परत ह्या भोकाकडं बघू देणार नाही. कुठल्या आईनं बघू द्यावं? त्याच्या छातीत आता शिट्टी वाजत होती. स्वतःच्या बळावर बारा हात जायचा दम त्यात नव्हता. तो वाटे करायला लागला, तर एकाही वाट्यापुरतं हाती लागेना. त्यानं कपाळ दगडाला टेकवलं आणि थोडीशी हवा, अगदी थोडीशी, आत घेतली.

पाणी हललं. त्याच्या तोंडापाशी काहीतरी फुटून वर आलं, आणि एक माणूस धापा टाकायला लागला.

"बाराच हाईत," कृष्णात म्हणाला. "दोनदा मोजलं." आणि तो म्हाताऱ्याच्या कंबरेला दोरी बांधायला लागला.

*

जोतीराम शुद्धीवर आला तेव्हा धावेच्या दगडांवर पालथा पडला होता आणि बनुबाई त्याच्या पाठीवर गुडघा देऊन पाणी काढत होती. हलक्या हातानं नाही. भरपूर जोर लावत होती. त्याला वाटलं, हिला मला मारायचं होतं ते राहून गेलंय, ते आता चाललंय.

गाव परत आलं होतं. ढोलवाले ढोल पाठीला अडकवून उभे होते. गुंडा कृष्णातच्या भोवती फिरत होता. "पर तू इकडनंच कसा निघालास? वाट चुकला काय?"

"वाट न्हाई," कृष्णात म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांची बोटं सोलवटून लाल झाली होती. "फट हाय. नाना चावडीत म्हणालं तेच खरं हाय."

कुणी हसलं नाही. लालासाहेब जोतीरामजवळ येऊन उकिडवे बसले. पस्तीस वर्षांचं काहीतरी त्यांना बोलायचं असावं, पण त्यांनी एवढंच विचारलं,

"जोतीबा, मग आता काय करायचं त्या कपारीचं? गाडीच्या चाकाच्या जुन्या लोखंडी धावा पडल्यात लोहाराकडं. गज करून तोंडाला ठोकाव्या म्हणतो. पाणी जाईल, माणूस न्हाई."

जोतीरामनं मान हलवली. "ठोका."

"खाली कोण उतरंल ठोकायला?"

"मी उतरतो!" गुंडा पुढं झाला. "तोंडाशीच तर जायचंय, आत कोण जातंय!"

जोतीरामनं कोपरावर उठून त्याला नीट न्याहाळलं. "गुंडा, पाण्यात कवा भ्यालायस?"

"मी? उभ्या जल्मात न्हाई."

"मग तू वर थांब. घण धर." तो कृष्णातकडं वळला. "तू?"

कृष्णातनं आईकडं बघितलं, मग पाण्याकडं. "आज भ्यालो," तो म्हणाला. "आजूनबी भेतोय."

"तू चल माझ्यासंगं. परवा."

"परवा न्हाई," बनुबाई म्हणाली. नाडा गोळा करता करता तिनं मानही वर केली नाही. "पुढल्या आयतवारी. आन् दोघं बी दोरीला बांधून. दोरी माझ्याकडं राहील."

जोतीरामनं मान डोलावली. मग त्यानं गुंडाला नारळ आणायला पाठवलं, बनुबाईच्या पदरात घालायला.